पेटीत जागा करताना

९ फेब्रुवारी

आज पुन्हा "हो, येतं मला" म्हणाले. येत नव्हतं.

सकाळी दादाचा प्लँटवरून फोन. बियाण्यांच्या सीझनला त्याला रविवार नसतो. "सुमे, पेटीत फोटो जाऊन न्हाई राह्यले. सिस्टिम डिस्क भरली असंन. जरा जागा करून दे." आणि मग ते नेहमीचं — "तू शिकलेली हायेस ना." हे वाक्य आमच्या घरात विळीसारखं हाताशी असतं. आधार कार्ड, लाइटची तक्रार, शेजारच्या पोराचा निकाल, दवाखान्याचा इंग्रजी कागद. कॉलेजात गेलेली घरात मीच पहिली, म्हणून सगळ्याचं उत्तर माझ्याकडे असायला पाहिजे. दादा दहावी नापास, पण व्हिडिओ बघून काहीही जोडतो. जोडलेलं बिघडलं की माझ्याकडे.

पेटी म्हणजे त्याने भंगारातल्या कॉम्प्युटरचं केलेलं साठवणीचं यंत्र. पुढच्या खोलीत, आत्याच्या कॉटच्या उशाशी, स्टुलावर. सगळ्यांच्या फोनमधलं वायफायवरून तिच्यात जातं. हे इथे लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला स्वतःलाच कळत नाही: आत दोन डिस्क. छोटीवर पेटी स्वतः चालते, ती सिस्टिम डिस्क. मोठीवर आपलं सामान. सामान कितीही वाढलं तरी छोटी भरायला नको. आणि ती काठोकाठ भरलेली!

लॅपटॉप घेऊन आत्याच्या कॉटवरच बसले. जुन्या नोंदी पुसल्या, जुने अपडेट काढले. केसभर फरक. दोन तास गेले. आई दोनदा विचारून गेली, मी दोनदा "होतंय" म्हणाले. मग एका इंग्रजी चर्चेत सापडलं. कधीकधी मोठी डिस्क चालूच झालेली नसते आणि पेटी बिचारी मोठीवरच टाकतेय समजून सामान छोटीवर टाकत राहते. नंतर मोठी चालू झाली की तिचं फोल्डर वर येऊन बसतं. एकाच खिळ्यावर जुन्या कॅलेंडरवर नवं टांगावं तसं. खालचं दिसत नाही, पण असतं. मोठी बाजूला करून बघा, म्हणे.

बघितलं. होतं! खाली "आत्या" नावाचं फोल्डर. त्यातले व्हिडिओ लॅपटॉपवर छोट्या छोट्या चित्रांत उमटले — आत्या, आत्या, आत्या. मोठ्या डिस्कवरही "आत्या" नावाचं फोल्डर आहे, ते मी आधी बघून ठेवलं होतं. दोन्हीकडे तीच नावं, एक नंबरपासून. म्हणजे तेच सामान दोनदा. इतकं बरं वाटलं की एकटीच हसले.

आता एक गोष्ट. आकार जुळत नव्हते. खालचे व्हिडिओ लहान होते. मला दिसलं नाही असं नाही — दिसलं. वाटलं, मध्येच लाइट जाऊन कॉपी अर्धवट राहिली असेल. एखादा उघडून बघायला हवा होता.

तेवढ्यात दादाचा परत फोन. "झालं का? सायेब फोन ठेव म्हणून राह्यले." आणि इकडे आत्याने कॉटच्या लोखंडी दांडीवर पेला वाजवायला सुरुवात केली. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तिला बोलता येत नाही, काही हवं असलं की स्टीलचा पेला वाजवते. आज थांबेचना. आई मागे धुणं धूत होती. मीच उठले, पाणी दिलं. तिने पेला ढकलला. पुन्हा घेऊन वाजवायला लागली. आजारपणात माणूस हट्टी होतं. मी मानेला हात देऊन दोन घोट पाजलेच, तोंड पुसलं, म्हटलं, "आत्या, दोन मिनिटं गं," आणि फोल्डर पुसलं.

छोटी डिस्क दोन तृतीयांश रिकामी. फोनवर दादा: "शाब्बास माझी इंजिनेर."

मी इंजिनिअर नाही. बी.एस्सी. आहे. त्याला दुरुस्तही केलं नाही.


१० फेब्रुवारी

क्लासमध्ये नव्या बॅचला फाइल पुसणं शिकवलं. "पुसण्याआधी उघडून बघायचं." एका मुलीने ते वहीत लिहून घेतलं. मला काहीतरी टोचलं. काय, ते कळलं नाही.


१६ फेब्रुवारी

लिहवत नाही. तरी लिहिते.

वसंतादादा आला होता अंकुशनगरहून. आत्याचा मुलगा, साखर कारखान्यात असतो. तिकडून तपासणीला सारखं आणणं जमेना म्हणून आत्या ऑपरेशनपासून आमच्याकडे आहे. त्याच्या पायलचं लग्न ठरलं. आठ मार्चला हळद.

आमच्यात हळदीला पहिला आवाज आत्याचा. ती गायल्याशिवाय कोणी नवरीला बोट लावत नाही. गाणंही ठरलेलं नसतं. प्रत्येक मुलीचं वेगळं बांधते — तिची खोड, तिची शाळा, कोणाशी भांडली, कशावर रुसली, सगळं त्यात. लिहिता येत नाही, म्हणून सगळं डोक्यात. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, जीव राहील, आवाज जाईल. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी दादाने स्टुडिओवाल्या संपतचा लग्नात वापरायचा कॅमेरा मागून आणला, आत्याला पुढच्या खोलीत बसवलं आणि पायलचं गाणं रेकॉर्ड केलं. लग्न ठरलेलंही नव्हतं तेव्हा. पायलचं झाल्यावर ती आणखी बरीच गायली म्हणे. मी आत बॅग भरत होते, मी काही ऐकलं नाही. नंतर ऐकू म्हटलं.

वसंतादादा तिचे पाय दाबत बसला होता. "माय, तुहं गाणं भोंग्यावर लावतो पाय. कारखान्याच्या भोंग्यापेक्षा मोठं. सगळ्या अंकुशनगरला ऐकू गेलं पायजे." आत्या एरवी अशा बोलण्यावर त्याला टपली मारते. आज नाही मारली. माझ्याकडे बघत राहिली.

दादा म्हणाला, "पेटीत बराबर ठेवलंय. सुमी काढून देईन. तिनंच परवा साफ केली पेटी."

ते चहा पीत होते तोवर मी फोल्डर उघडलं. पांढरी साडी. एकामागून एक सगळ्या व्हिडिओंत पांढरी साडी. हे मागच्या भीमजयंतीच्या कार्यक्रमातले. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आत्या हिरव्या लुगड्यात होती. मीच काढून दिलं होतं पेटाऱ्यातून.

हिरवं लुगडं कुठेच नाही.

कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं की नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात. नाव तेच, बाई तीच, दिवस वेगळा. मला हे माहीत आहे. मी हे पोरांना शिकवते.

"सापडलं का गं?" दादाने विचारलं.

म्हटलं, "बघते. फोल्डर मोठं आहे."


१७ फेब्रुवारी

क्लासवरून येताना जुन्या जालन्यात संपतच्या स्टुडिओत गेले. त्याने कार्ड शोधून काउंटरवर ठेवलं. "ताई, याच्यावर सीझनभराची लग्नं मारली मी. तुमची आत्या कव्हाच पुसली गेली." सहज म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "काहून, घरी न्हाई का ठेवली?"

"ठेवली आहे," म्हटलं. "एक जास्तीची असावी म्हणून."

खोटं इतक्या पटकन येतं मला? शाळेत फळ्यावरची तारीख चुकली तरी बाईंना सांगायचे मी.


१८ फेब्रुवारी

पुसलेलं परत आणायचा प्रोग्राम चालवला. काही नाही. वाचलं — या प्रकारची डिस्क पुसलेली जागा आपली आपण झाडून घेते, म्हणजे पुढच्या वेळी वेग राहतो. मी जागा मागितली होती. तिने पुरी दिली.


२० फेब्रुवारी

आज जे केलं ते पुसण्यापेक्षा वाईट.

दादा लवकर आला, हात धुऊन थेट पेटीशी बसला. "तुला सापडंना तं मी पाहतो." मी मागे उभी. आई पीठ मळत होती, आत्या कॉटवर टेकून. अण्णा, आमचे वडील, दारात खुर्ची टाकून. दादा शोधत गेला, त्याची मान लाल होत गेली. त्याला खरं कळेल असं वाटलं. आणि मी बोलले. जसं बोलले तसंच लिहिते: "दादा, गाणं घेतलं त्या दिवशी मोठी डिस्क चालू होती का? सकाळी आत्याच्या टेस्टला गेलो तेव्हा अण्णांनी मेन बंद केला होता."

एवढंच. यातला एक शब्द खोटा नाही.

अण्णांची ती सवयच आहे. सगळे घराबाहेर निघाले की मेन स्विच खाली. लोखंडाच्या री-रोलिंग मिलमध्ये असताना त्यांनी पॅनल पेटताना बघितलंय, तेव्हापासून. टेस्टला गेलो तेव्हाही केला. परत आल्यावर पेटी चालू झाली, मोठी डिस्क झाली नाही, आणि त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग छोटीवर पडलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाताना पुन्हा मेन बंद, आल्यावर चालू — या वेळी मोठी उठली आणि वर येऊन बसली. इथपर्यंत अण्णांचा हात. पण गाणं तिथे खाली नीट होतं. धक्का लागला नव्हता. पुढचा हात माझा. मी गोष्ट अर्धी सांगितली आणि जिथे मी येते तिथे थांबले.

दादाला एवढं पुरलं. "अण्णा, किती डाव सांगितलं मेनला हात लावू नका म्हणून? उडालं ना. सगळं उडालं. आता लावा भोंग्यावर तुमचा मेन स्विच."

अण्णा उठून उभे राहिले. स्विचकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. "लाइट गेल्यानं गाणं जातं?" माझ्याकडे वळून विचारलं. मला. कारण मी शिकलेली. "सुमे, असं जातं का?"

मी म्हटलं, "जाऊ शकतं."

आई म्हणाली, "झालं ते झालं. जेवून घ्या." दादा जेवला नाही. अण्णांनी ताटावर बसून अर्धी भाकर मोडली आणि तशीच ठेवली. मी दीड खाल्ली. भूक लागली होती. याचीही लाज वाटते.


२१ फेब्रुवारी

सकाळी बाहेर पडताना अण्णा मेनसमोर थांबले. हात मागे बांधले आणि तसेच गेले.


२३ फेब्रुवारी

दुपारी अण्णा आत्याच्या कॉटपाशी खाली फरशीवर बसले. ती त्यांच्यापेक्षा मोठी. लहानपणी तिने त्यांना कडेवर घेऊन शेण गोळा केलंय. हे तिच्या एका जुन्या हळदीच्या गाण्यातही आहे, अण्णांच्याच हळदीच्या. त्यांनी डोकं तिच्या पायाशी टेकवलं. "बाई, तुहा आवाज माह्या हातून गेला."

आत्याने त्यांचं डोकं उचललं. मान जोरजोरात हलवली, नाही, नाही. अण्णांना वाटलं ती माफ करतेय. त्यांनी डोळे पुसले. आत्या त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि बघत होती माझ्याकडे.

मी आत गेले. तांदूळ निवडले. निवडलेलेच पुन्हा निवडले.


२५ फेब्रुवारी

पाटी आणली. आत्याला लिहायला शिकवायचं ठरवलं. खूप वर्षांपूर्वी साक्षरता वर्गात अक्षरं गिरवली होती तिने, सही येते — साळूबाई, मोठी, तिरकी. मुळाक्षरं सोडून थेट लागणारे शब्द घेतले: पाणी. चहा. हो. नको. दुखतं. पेला किती दिवस वाजवायचा?

आई म्हणाली, "पोर चांगली हाये माही. कामावरून येऊन आत्याला शिकवती."

असं म्हणू नको आई.


२७ फेब्रुवारी

आत्याने "चहा" लिहिलं आणि आईने चहा आणून दिला. आत्या पाटीकडे बघते, कपाकडे बघते, पुन्हा पाटीकडे. मग पुसून परत "चहा." आई: "बाई, आत्ता तं दिला." आत्या पोट धरून हसली. आवाज नाही, नुसते खांदे. गळ्याच्या भोकातून श्वास शिट्टीसारखा येतो हसताना.

मीही हसले. आणि लगेच आठवलं.


२ मार्च

अण्णांना सांगितलं.

ते ओट्यावर दाढी करत होते. आरसा खिडकीच्या गजाला अडकवलेला. मी शेजारी बसले आणि आरशातल्या त्यांच्याशी बोलले, तोंडावर बोलवलं नाही. "अण्णा, मेनमुळे नाही गेलं. ते होतं. मी पुसलं. आकार वेगळा दिसला होता, तरी पुसलं."

वस्तरा थांबला. मग त्यांनी अर्धा गाल राहिला होता तो पूर्ण केला. मगच बोलले.

"कोणाला सांगितलं?"

"कोणालाच नाही."

"मंग नको सांगू."

"पण दादा तुम्हाला —"

"तुह्या दादाचं काय घेऊन बसली. तुला कॉलेजात घातलं तव्हा आख्खी गल्ली म्हणली, पोरीला कॉम्प्युटर शिकवून काय करतो अण्णासाहेब, ती काय उजेड पाडणार हाये. वसंता बी म्हणला. आता त्याह्यला कळलं तं काय म्हणतीन? शिकली अन् आत्याचा गळा पुसून बसली. तुह्या क्लासपर्यंत जाईन ते. माहं काय, मी अडाणी. अडाण्यानं मेन बंद केला. चार दिवस हसतीन अन् विसरतीन."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मी पूर्ण तयारीने गेले होते. दादाला काय सांगायचं, वसंतादादाला काय, शब्द जुळवून.

मी म्हटलं, "बरं."

त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. हसले माझ्याकडे बघून. त्यांना वाटलं असेल लेकीसाठी काहीतरी केलं. आणि मी त्यांना ते करू दिलं.


५ मार्च

सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात. हलकं वाटतंय. त्याचाच राग येतो.


९ मार्च

लग्न लागलं. काल हळद होती. कालचं लिहिते.

अंकुशनगरला वसंतादादाच्या क्वार्टरपुढे मांडव. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्त्या, वंदना झाली, मग पाट मांडला. पायल पिवळ्या साडीत, हातात फोन, मैत्रिणींना फोटो पाठवत होती. आत्याला खुर्चीवर बसवून पाटाजवळ आणलं, गळ्याभोवती पांढरा रुमाल. बायका वाट्या घेऊन गोल. आणि सगळ्या थांबल्या. सवयीने. पहिला आवाज येईपर्यंत हात पुढे जात नाहीत.

वसंतादादाला ते सहन झालं नसावं. हसत मोठ्याने म्हणाला, "मामा, मांडवाचा मेन तरी चालू ठेवा. न्हाईतं नवरी बी उडून जाईन." सगळा मांडव हसला. अण्णाही हसले. हात जोडले त्यांनी गमतीने. "न्हाई लावत बाबा हात."

मी स्पीकरशेजारी उभी होते. वायर माझ्याच हातात होती. वंदनेनंतर माइकची वायर गुंडाळायला दिली होती कोणीतरी. "मी" म्हणायला माइकसुद्धा होता. मी वायर गुंडाळली. गाठ न पडता, अगदी नीट.

मग टक्, टक् असा आवाज आला. आत्या. हळदीच्या वाटीवर बोटातली अंगठी वाजवत होती. तिच्या गाण्याचा ठेका आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. तिने दादाकडे बघितलं. कॅमेऱ्यामागे तोच एकटा होता, ते गाणं त्यानेच ऐकलंय. दादा लाजला, नाही म्हणाला, मग उभा राहिला, डोळे मिटले आणि त्याच्या त्या फाटक्या आवाजात —

हळदीचं बोट लागलं पायलच्या पुस्तकाला,
पिवळं झालं पान, वाचून दाखव गं आजीला...

आणि थांबला. "पुढं येत न्हाई मला," म्हणाला. "पुढं लय होतं. पुढं तिच्या मास्तरणीचं होतं कायतरी, सायकलीचं होतं." पुन्हा आठवून बघितलं. "न्हाई येत."

पायलने फोन खाली ठेवला होता. ती रडायला लागली. पुस्तकाचं आपल्याला माहीतच नव्हतं म्हणाली. कधी लागलं बोट? कुठल्या पुस्तकाला? आजीला विचारत होती. आजी काय सांगणार.

आत्याने अंगठी वाजवणं थांबवलं आणि बोट बुडवून तिच्या कपाळाला लावलं. मग सगळ्या बायकांनी.

माझी पाळी आली तेव्हा आत्याने वाटी माझ्यासमोर धरली. मी हळद लावली. कोणीतरी म्हणालं, "सुमे, पुढची तूच." आत्याने त्या बाईकडे बघितलं आणि मग माझ्याकडे, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आज परत येताना टेंपोत दादा शेजारी बसला होता. मग एकदम म्हणाला, "तुहं पण होतं गं त्याच्यात. पायलचं झाल्यावर मी म्हणलं, आत्या, सुमीचं? तव्हा तिनं तुहं बी बांधून गायलं. मला म्हणली, तिला आत्ता ऐकवू नको, तिच्या हळदीला लाव." खिडकीबाहेर बघत होता. "अण्णांना न्हाई सांगितलं मी हे. लय लागंन त्याह्यला."


१० मार्च

क्लासला सुट्टी घेतली. पडून राहिले.

दादाला विचारू का, माझ्या गाण्यात काय होतं? एक ओळ तरी. विचारायचा हक्क नाही मला.


१३ मार्च

दादाने अण्णांना नवा टेस्टर आणून दिला. अण्णांनी तो खिशाला लावला आणि सबंध गल्लीत फिरून आले. यांचं मिटलं. माझ्याशिवाय मिटलं.


१६ मार्च

आई आणि दादा बाजारात. मी आत्याला पाटी दिली. तिने हळूहळू लिहिलं — "पाणी नको."

मी म्हटलं, "देत नाही आत्या. कुठे दिलं पाणी? पेला रिकामा आहे बघ."

तिने पाटी मांडीवर ठेवली. लॅपटॉप उघडा होता, तिकडे बोट केलं. मग पेटीकडे. मग कोपऱ्यातल्या दोरीवर वाळत घातलेल्या हिरव्या लुगड्याकडे. रिकामा पेला उचलला आणि कॉटच्या दांडीवर वाजवला, तसाच, न थांबता, त्या रविवारी वाजवला होता तसा. मी तिच्या हातावर हात ठेवेपर्यंत.

त्या दिवशी ती माझ्या शेजारीच बसली होती. स्क्रीनवर तिचंच लुगडं दिसत होतं तिला.

मग तिने दाराकडे बोट केलं. बाहेर अण्णा बसले होते. बोट खाली घेतलं नाही.

ती मला थांबवत होती. मी तिला पाणी पाजलं.